तळण संपलं, कढई राहिली

मैत्रिणींनो, आखाड सरत आला. कापण्यांचे डबे लेकी-सुनांच्या घरी पोचले, तिखट-मिठाच्या पुऱ्या मुलांनी येता-जाता फस्त केल्या, आणि आता तुमच्या-माझ्या ओट्याखाली काय उरलंय ते सांगू? आतून तेलकट, बाहेरून काळी-तपकिरी आणि बोट लावलं तर बोटालाच चिकटणारी कढई! ‘आज घासू, उद्या घासू’ म्हणत आपण ती कोपऱ्यात सरकवतो. दिव्यांची अवस तोंडावर आली की दिवे घासायला काढतो, तेव्हा नाइलाजाने कढईही बाहेर येते.

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने पत्रात विचारलं होतं, “कढई कितीही घासली तरी तो चिकट थर जात नाही. माझंच काही चुकतंय का? पाहुण्यांसमोर कढई काढायची लाज वाटते.” ते वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. कारण याच लाजेपायी मी एक चांगली कढई नासवली होती. आणि पुढे त्याची इतकी धास्ती घेतली, की एकदा घर पेटवायची वेळ आणली. दोन्ही गोष्टी आज सांगून टाकते. माझ्या चुकीतून चार जणी शहाण्या झाल्या तर बरंच.

माझं माहेर बारामतीचं, सासर इंदापूर तालुक्यातलं अंथुर्णे. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते, बारामती, सणसर करत बेलवाडीला येते. तिथलं गोल रिंगण झालं की पालखी आमच्या गावी मुक्कामाला. तोवर आखाड लागलेला किंवा लागायच्या बेतात असतो. त्या दिवशी गावात कुणाच्याच घरची चूल लवकर विझत नाही. कुणी भाकरी थापतं, कुणी पिठलं हाटतं. आमच्या आळीकडे पुऱ्या असतात. आणि पुऱ्या तळायच्या त्या आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, लोखंडी कढईत. लग्नात त्यांच्या आईने दिलेली, दोन्ही कानांना धरून उचलावी लागते अशी जड कढई.

माझं लग्न होऊन तो पहिलाच आखाड. पालखीला माहेरची माणसं येणार होती. मी ती कढई पाहिली, बाहेरून बोटभर जाडीचं काळं कीट, आतून काळीकुळकुळीत. मनात म्हटलं, आई काय म्हणेल, लेक दिली ती अशा घरात? आदल्या दिवशी दुपारी आत्याबाई रानात गेल्या होत्या. मी धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळलं, त्यात कढई बुडवली आणि तारेची घासणी घेऊन बसले. तीन तास घासली. आतून-बाहेरून राखाडी, चकचकीत झाली. धुऊन तशीच ओली पालथी घातली आणि स्वतःवरच खूश होऊन झोपले.

सकाळी पाहते तर कढईवर तांबडा गंज! घाईघाईने पुसून तेल तापवलं. पहिला घाणा टाकला, तर पुऱ्या तळाला चिकटल्या. झाऱ्याने सोडवायला गेले तर फाटल्या, तेलाला तांबूस रंग आला. अंगणात आळीतल्या बायका लाटण्या घेऊन बसलेल्या, परातीत पुऱ्या लाटून तयार. आत्याबाईंनी एक नजर टाकली, चकार शब्द काढला नाही. शेजारून दुसरी कढई मागवली आणि तेल नवीन ओतलं. माझ्या आईसमोरही त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

रात्री भजनाचे आवाज येत होते. मी मोरीपाशी गेले, तर आत्याबाई एकट्या बसून अर्ध्या चिंचेच्या बुटकुल्याने कढईचा गंज काढत होत्या. मी रडायला लागले. तेव्हा त्या म्हणाल्या, “आगं पोरी, कढई आतून घासायची नसती, पुसायची असती.”

तो काळा थर म्हणजे काय?

मी आहे बी.ए., तेही मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी माझं नातं दहावीलाच तुटलं. पण ज्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते, तिथल्या विज्ञानाच्या बाईंना मी हे मधल्या सुट्टीत विचारलं. त्यांनी फळ्यावर न लिहिता, चहाच्या कपावर समजावून दिलं.

तेल तापलं की हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि तेलाचे सुटे रेणू एकमेकांत गुंतत जातात. सुटे असतात तोवर ते वाहतं तेल. थोडे गुंतले की चिकट, गुळाच्या पाकासारखं. पुरते गुंतले की कडक, व्हार्निशसारखं. सुतार लाकडाला जवसाचं तेल लावतो आणि ते वाळून टणक होतं, तोच हा प्रकार. आपल्या तेलांत करडई आणि सूर्यफूल यांची ही वाळायची खोड जास्त. करडईचं तेल तर रंगाच्या कारखान्यातही वापरतात. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने सावकाश चिकटतं.

आता पाहा, एकाच तेलाच्या दोन तऱ्हा झाल्या. लोखंडी कढईच्या आतला पातळ, गुळगुळीत, कोरडा काळा थर म्हणजे कढईचं अंगरखं. त्याने गंज चढत नाही, पुरी चिकटत नाही. तो मी सोड्याने सोलून काढला होता. पण बाहेरच्या अंगाला ओघळून बसलेला जाड, चिकट थर मात्र घाण. त्याचा उपयोग काही नाही आणि धोका आहे. एकाला जपायचं, दुसऱ्याला काढायचं. तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? पण हा फरक मला दुसऱ्या अपघातानंतर कळला.

दुसरी चूक

पहिल्या फजितीनंतर मी कढईला घासणी लावायचंच सोडलं. आतून पुसायची, बाहेरून एक हात फिरवायचा, बस्स. तीन वर्षांत बाहेरचं कीट पुन्हा बोटभर झालं. एका आखाडात गॅसवर कापण्या तळत होते. आच मोठी, तेल काठोकाठ. तेल उतू गेलं, ओघळ खाली आला आणि बाहेरच्या त्या थराने पेट घेतला. बघता बघता जाळ कढईच्या काठापर्यंत चढला. मी काय केलं असेल? पाण्याचा तांब्या उचलला!

नशीब, जाऊबाई शेजारी होत्या. त्यांनी माझ्या हातावर फटका मारून तांब्या खाली पाडला, गॅस बंद केला आणि कापण्यांची परात कढईवर उपडी टाकली. जाळ विझला. माझ्या मनगटावर एक डाग राहिला, त्यावर निभावलं.

आत्याबाई रात्री म्हणाल्या, “चुलीवर आसं कधी झालं न्हाई.” आणि ते खरंच होतं. चुलीवर कढई ठेवण्यापूर्वी बाहेरून राख-मातीचा लेप द्यायची रीत होती. ओघळ त्या लेपात जिरायचा आणि घासताना लेपाबरोबर काजळी, तेल सगळं सुटून यायचं. गॅस आला, लेप गेला, आणि त्या जागी दुसरं काही आलंच नाही. आत्याबाईंना चुलीचं ज्ञान होतं, मला गॅसचं अर्धवट. दोघींच्या मधल्या फटीतून तो जाळ वर आला होता.

म्हणून कढईची स्वच्छता ही नुसती लाजेची किंवा कौतुकाची बाब नाही, हे आधी मनाशी ठरवा.

कढई कशाची, ते आधी पाहा

घासायला बसण्यापूर्वी हा एक प्रश्न विचाराच. एकीचं औषध दुसरीला विष ठरतं.

*लोखंडी पत्र्याची किंवा बिडाची:* आतून घासू नका, पुसा. बाहेरून सोडा चालेल. बीड ठिसूळ असतं. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलंत तर तडा जाईल.

*ॲल्युमिनियमची किंवा हिंडालियमची:* धुण्याचा सोडा अजिबात नको. सोडा या धातूला खातो, कढई काळी पडते आणि खरबरीत होते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ घासणी पुरे. आतून काळी पडलीच असेल तर चिंचेचा कोळ किंवा लिंबाच्या साली घालून पाणी उकळा, उजळेल.

*स्टीलची:* सोडा चालतो. पिवळे-तपकिरी डाग सोड्याच्या पाण्यात तासभर भिजवले की सुटतात. तारेची घासणी मात्र चरे पाडते.

*पितळेची:* आधी साबण किंवा सोड्याचं पाणी तेलासाठी, मग चिंच-मीठ चकाकीसाठी. कल्हई असेल तर चिंच-मिठाने आतून घासू नका.

*नॉनस्टिकची:* साबण, कोमट पाणी, मऊ फडकं. वरचा थर निघायला लागला असेल तर मोह सोडा आणि कढई बदला.

तळणाच्या दिवशी

निम्मं घासणं तळतानाच वाचवता येतं, बरं का!

पहिलं म्हणजे कढई निम्म्याहून जास्त भरू नका. पुरी टाकली की तेल फसफसून वर येतं, त्याला जागा हवी.

दुसरं, आच सांभाळा. तळणाला साधारण १६० ते १९० अंश सेल्सियस उष्णता पुरते. आपल्याकडे कुठे मोजायचं यंत्र असतं? कणकेची बारीक गोळी टाका. खाली जाऊन लगेच बुडबुडे घेत वर आली की तेल तयार. तेलातून धूर निघाला म्हणजे ते प्रमाणाबाहेर तापलं. त्याच वेळी चिकटा भराभर तयार होतो.

तिसरं, तळायचा क्रम. आधी पापड-कुरडया, मग साध्या पुऱ्या, मग तिखट-मिठाच्या आणि सगळ्यात शेवटी कापण्या. कापण्यांत गूळ असतो. तो जळतो, तेल काळं करतो आणि तळाला डिंकासारखा बसतो. माझ्या वाणीच्या साखरपट्ट्यातल्या बायका गूळ सढळ हाताने घालतात, त्यांनी तर हे ध्यानात ठेवाच! लाटलेल्या पुरीवरचं जास्तीचं पीठ झटकून टाका. दोन घाण्यांच्या मध्ये बारीक झाऱ्याने तेलातले कण काढा. ते कण जळून तेल लवकर नासतं.

चौथं, ओघळ आला की गॅस बंद करा, जाळ विझल्याची खात्री करा, आणि तळण झाल्यावर कढई हात लावण्याइतकी निवली की ओघळ कोमट असतानाच पुसा. कोमट ओघळ फडक्याने निघतो. तोच पुन्हा पुन्हा तापला की व्हार्निश होतो.

तळण झाल्यावर

गरम कढई जागची हलवू नका. तेल पुरतं निवू द्या, मग कापडातून गाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. कढई अजून किंचित कोमट असतानाच जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने आतून-बाहेरून पुसून काढा. कागद चार वेळा बदला. इथे आळस केलात तर पुढे तासभर घासत बसाल. आधी पाणी लावण्याची घाई नको. तेल पुसलं गेलं की मग पाणी.

लोखंडी कढई असेल तर कोमट पाणी, थोडा साबण आणि नारळाची शेंडी एवढं आतल्या अंगाला पुरे. धुऊन झाल्याबरोबर कोरड्या फडक्याने पुसा, मंद आचेवर दोन मिनिटं ठेवून पाण्याचा अंश उडवा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवा. पावसाळी हवेत ओली कढई पालथी घातली की रात्रीतून गंज येतो, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते.

बाहेरचं जुनं कीट

हे फक्त लोखंडी आणि स्टीलच्या कढईसाठी. एक लिटर कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे विरघळवा. हातात रबरी मोजे घाला. जुनं फडकं त्यात भिजवून कढईच्या बाहेरच्या अंगाला गुंडाळा आणि तासभर ठेवा. फडकं वाळू लागलं तर पुन्हा भिजवा. मग लाकडी उलथन्याने किंवा बांबूच्या चिपाटाने मऊ झालेला थर खरवडा. वर शेंडी आणि राख. एकदम सगळं निघणार नाही. तीन वर्षांचं कीट तीन खेपांत काढा, पण काढा. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा.

राखेचं नाव काढलं की शहरातल्या मैत्रिणी नाक मुरडतात. पण राख काही अडाणीपणा नव्हे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते तेलाशी मिळून थोडा साबणच तयार करतं. आमच्याकडे उसाच्या पाचटाची राखही असते. तिच्यात वाळूच्या जातीचा अंश जास्त, त्यामुळे ती घासते चांगली, पण चरेही पाडते. म्हणून ती चाळून, आणि लोखंडाला बाहेरूनच. स्टीलला आणि ॲल्युमिनियमला नको.

आणखी एक. कित्येक जणींची तक्रार असते की साबणाला फेसच येत नाही. कढईला दोष देण्यापूर्वी पाण्याकडे पाहा. आमच्या भागात नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून आहे. त्याने ऊस आला, तशा जमिनीही खारवट झाल्या. डॉ. हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली होती. आमच्या बोअरच्या पाण्यात साबण फाटतो, भांड्यावर पांढुरकी साय बसते आणि तेल तिथल्या तिथे राहतं. अशा पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा आधी घातला की पाणी मऊ होतं आणि साबण लागू पडतो. पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर त्याहून उत्तम.

सोडा आणि लिंबू एकत्र नको

ही युक्ती हल्ली प्रत्येक जण सांगतो. सोडा टाका, वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर ओता, फसफस झाली की मळ गेला! मैत्रिणींनो, ती फसफस दिसायला छान, पण तेवढ्यात सोडा लिंबाला मारतो आणि लिंबू सोड्याला. हाती राहतं खारट पाणी. सोडा तेलासाठी, आंबट गंजासाठी आणि डागांसाठी. दोन्ही वापरायचे तर आधी सोडा, मग स्वच्छ धुणं आणि त्यानंतर आंबट.

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांचे डबे वेगळे, वेगळ्या फळीवर, नाव लिहून ठेवा. दोन्ही पांढरे असतात आणि घाईत हात चुकतो. कॉस्टिक सोडा तर स्वयंपाकघरात आणूच नका. तो कातडी आणि डोळे जाळतो.

उघडी पडलेली कढई पुन्हा वळणावर आणणं

माझ्यासारखी घोडचूक झालीच असेल तर घाबरू नका. आत्याबाईंनी माझ्या देखत कढई परत उभी केली, ती रीत अशी. चिंचेच्या कोळाने गंज काढा, धुवा, आचेवर खडखडीत कोरडी करा. तेलाचे चार थेंब घेऊन आतून सगळीकडे चोळा, आणि मग कोरड्या फडक्याने असं पुसा की जणू तेल लावलंच नव्हतं. तेल जाड राहिलं तर चिकटच होणार. मग खिडकी उघडी ठेवून, किंचित धूर दिसेपर्यंत तापवा आणि आपोआप निवू द्या. असं चार वेळा. पुढचे काही दिवस त्या कढईत आंबट भाजी, आमटी काही करू नका. तळण, नाहीतर कांदा परतणं, एवढंच.

आमची कढई पूर्ववत व्हायला दिवाळी उजाडली. तोवर मी रोज तिच्यात कांदा परतत होते आणि आत्याबाई काही न बोलता येऊन वास घेऊन जात होत्या.

ज्यांच्याकडे विजेचं यंत्र आहे

पिंपरीला राहणाऱ्या माझ्या वन्सं डीप फ्रायर वापरतात. तेच तेल, तोच चिकटा, नियमही तेच, फक्त वीज आहे म्हणून जास्त जपायचं. आधी पिन काढा. तेल दोन-तीन तास निवू द्या, मग काढून गाळा. तापणारी सळई आणि विजेचा भाग पाण्यात कधीही बुडवायचा नाही, तो ओल्या फडक्याने पुसायचा. जाळी आणि सुटं होणारं भांडं साबणाच्या गरम पाण्यात भिजवा. भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा वर्ज्य. जोडण्यापूर्वी प्रत्येक भाग खडखडीत कोरडा हवा. थेंबभर पाणी राहिलं तरी तेल तापल्यावर ते उडतं.

आणि ते उरलेलं तेल

कढई का चिकटते, याचं निम्मं उत्तर तेलाच्या डब्यात असतं. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते दाट होतं, आणि दाट तेलच कढईला धरून बसतं. आपल्याला तेल टाकवत नाही, मलाही नाही टाकवत. पण तेल काळपट झालं, तापवताना फेस येऊन बसत नसला, लवकर धूर सुटला किंवा खवट वास आला, तर ते गेलं असं समजा. वारंवार तापलेल्या तेलात शरीराला अपायकारक पदार्थ वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हॉटेलवाल्यांसाठी १ जुलै २०१८ पासून नियमच केला आहे, की तेलातले असे बिघडलेले घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. आपल्या घरी मोजणारा कुणी नाही, म्हणून आपणच मोजायचं.

माझी रीत सांगते. तळणाला तेल बेताचं घेते. उरलेलं गाळून चार-सहा दिवसांत फोडणीला, थालीपिठाला संपवते. जुन्यात नवीन तेल ओतत नाही, कारण नासकं तेल चांगल्यालाही लवकर नासवतं. टाकायचं झालं तर मोरीत ओतत नाही. नळी तुंबते. गार झाल्यावर भुशात किंवा कागदात जिरवून कचऱ्यात टाकते.

पेट घेतलाच तर

हे कात्रण काढून स्वयंपाकघराच्या दारामागे लावा, म्हटलं तरी चालेल.

गॅस बंद करा. कढईहून मोठं धातूचं झाकण किंवा परात आडव्या हाताने वरून सरकवा. पूर्ण निवेपर्यंत झाकण उचलू नका. कढई उचलून बाहेर पळू नका. पाणी ओतू नका. पाणी तेलाहून जड, ते तळाशी जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. ती पेटतं तेल घेऊनच बाहेर उसळते. पीठही टाकू नका, तेही पेटतं. आग आवरत नसेल तर मुलांना घेऊन बाहेर पडा आणि मदत बोलवा. भाजलंच तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका, आणि भाजणं मोठं असेल तर डॉक्टरांकडे जा.

घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांनाही हे सांगून ठेवा. तांब्या उचलायला सगळ्यांत आधी तेच धावतात.

दिव्यांच्या अवसेला

समई, निरांजन, लामणदिवा काढाल तेव्हा त्यांच्या खाचांत हाच पिवळा चिकटा दिसेल. आता तुम्हाला त्याचं कूळ ठाऊक झालं. आधी कोमट सोड्याच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, जुन्या दात घासायच्या ब्रशाने खाचा काढा, स्वच्छ धुवा, आणि मगच चिंच-मीठ. थेट चिंच लावून बसलात तर तेलावरून हात नुसता घसरत राहील.

यंदा पालखीच्या आदल्या दिवशी मी कढई बाहेरून सोड्याने स्वच्छ केली, आतून फक्त पुसली. आत्याबाईंना आता नीट दिसत नाही. त्यांनी कढई उन्हात ओढून घेतली, बाहेरून बोटं फिरवली, मग आतून फिरवली, आणि “बरी हाय” म्हणाल्या. मग लाटण्या घेऊन बसलेल्या बायकांना त्यांनी हाक मारली, “या गं, तेल ठेवा.”

पत्र पाठवणाऱ्या भगिनीने, आणि तुम्ही सगळ्यांनी, आपापली कढई कशाची आहे आणि तिला काय लागू पडलं ते मला जरूर कळवा. तुमच्या घरच्या जुन्या रीतीही कळवा.